बोटांची उघडझाप

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी रिकामाच असायचा, पण रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. चाकांच्या खुर्च्या, काठ्या, औषधांच्या पिशव्या, थर्मास आणि हे सगळं सांभाळत आलेली घरची माणसं. भिंतीला टेकलेले नुसते बघे वेगळेच. सगळ्यांचे डोळे हॉलच्या मधोमध अंथरलेल्या लांब सतरंजीवर खिळलेले असायचे. सतरंजीवर काळे-पांढरे आडवे पट्टे होते, आणि तिच्या टोकाला फिक्या रंगाचे सैल कपडे घालून, मंद हसत, स्पर्शताई उभ्या असायच्या.

त्या रविवारी त्यांनी ड्रायव्हरला उठवलं.

ड्रायव्हर म्हणजे आयुष्यभर शहरबस चालवून निवृत्त झालेला माणूस. कंपवाताने, ज्याला डॉक्टर पार्किन्सन म्हणतात, त्याला गेली कित्येक वर्षं धरलं होतं. पलंगापासून न्हाणीपर्यंत जायला त्याला अर्धी सकाळ लागायची. तो खुर्चीत बसला होता. स्पर्शताईंनी त्याचं मनगट दोन्ही हातांत घेतलं.

"शरीर काही विसरत नाही, बाबा. विसरतं ते मन," त्या म्हणाल्या. "तुमच्या पेशी झोपल्यात. मी त्यांना फक्त हाक मारतेय. हलके व्हा. आणखी हलके."

पेशी म्हणजे जणू कचेरीत डुलक्या काढणारे कारकून, आणि साहेबीण आली की दचकून कामाला लागणार. पण खरंच लागले. सगळा हॉल एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागला, ड्रायव्हर खुर्चीचे हात न धरता उठला आणि पट्ट्यापट्ट्यावर पाय टाकत सरळ पलीकडे चालत गेला. टोकाला पोचल्यावर तो स्पर्शताईंकडे बघून हसला.

ते हसू बघून त्याच्या बायकोला जे वाटलं, त्याला आनंद म्हणता आलं नसतं.

तिला गल्लीत सगळे शिवणबाई म्हणत. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ती लोकांचे कपडे शिवायची, उसवायची, सैल-घट्ट करून द्यायची. नवऱ्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची, दाढी तीच करायची, रात्री कुशीवर तीच वळवायची. आजाराने त्याचा चेहरा थिजल्यासारखा झाला होता. कौतुक करा, चिडवा, रडा, तो आपला भिंतीकडे बघावं तसा बघायचा. ती म्हणायची, असू दे, आजारच तसा आहे, आतून हसत असतील. आणि आता हे हसू, आख्खं, दात दिसतील असं, एका परक्या बाईला फुकटात मिळालं होतं. त्या बाईचे हात मऊ होते आणि त्यांना कसलासा छान वास येत होता. शिवणबाईने आपली सुया टोचलेली बोटं पदराआड घेतली.

घरी आल्यावर लेक किती वेळ त्याच गोष्टी बोलत होती. हॉलचा पत्ता तिनेच शोधून काढला होता आणि दर रविवारी वडिलांना न्यायला गाडी घेऊन तीच यायची. आईने मात्र आल्या आल्या मशीन उघडलं होतं.

"आई, बाबा चालले. तुला आनंद नाही झाला?"

"झाला की."

"नाही झाला. तू जळतेस त्या बाईंवर."

शिवणबाईने मशीनखाली कापड सरकवलं आणि पायडल दाबलं. लेक खरं तेच बोलली होती.

पुढचे रविवार तिला फार जड गेले. शनिवारपासूनच ड्रायव्हरचं सुरू व्हायचं. इस्त्रीचा शर्ट काढ, ती निळी पँट काढ, दाढी नीट कर. इतर दिवशी घातलेला शर्ट उलटा असला तरी ज्याला सोयरसुतक नसायचं, तो आता आरसा मागू लागला होता. उठताबसता 'ताई म्हणतात' सुरू झालं. ताई म्हणतात, राग गुडघ्यात साठतो. ताई म्हणतात, थरथर म्हणजे शरीराचं रडणं. शिवणबाईला वाटायचं, मी इतकी वर्षं जे म्हणत आले ते कुठे साठलं कोण जाणे.

एवढ्यावर राहिलं असतं तर तिने गिळलं असतं. पण एका दुपारी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तिला गोळ्या सापडल्या. ज्या आपण हातावर ठेवल्या आणि त्याने तोंडात टाकल्यासारखं केलं, त्याच. विचारल्यावर त्याने सांगितलं की औषधाने भरलेल्या शरीराला हाक ऐकू जात नाही, असं ताई म्हणतात. म्हणून दुपारची सोडली, आता संध्याकाळचीही सोडणार. तिने समजावलं, ओरडली, डॉक्टरांना सांगेन म्हणाली. पण त्याने हेका सोडला नाही. त्याच आठवड्यात तो न्हाणीच्या दारात असा अडकला की ना पुढे ना मागे, जमिनीला पाय खिळल्यासारखा, आणि तिने मागून कवेत धरेपर्यंत तोंडावर पडायच्या बेतात होता. दुसऱ्या संध्याकाळी चहाचा घोट घशात अडकला. तो निळा-जांभळा होईपर्यंत खोकला आणि ती पाठ चोळत राहिली.

"आजपासून गोळ्या मी समोर उभी राहून देणार," ती म्हणाली.

त्याने एकेक शब्द ओढून काढला. "तुला मी बरा झालेला नकोय. तुला मी तुझ्या हातातच हवाय."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. वाक्य खोटं होतं. पण अगदीच खोटं असतं तर इतकं लागलं नसतं, हेही तिला कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी ती हॉलवर गेली ती पाळत ठेवायलाच. स्पर्शताई त्याच्या मनगटावर किती वेळ हात ठेवतात, तो त्यांच्याकडे कसा बघतो, तिला सगळं बघायचं होतं. हेव्याने नजर अशी धारदार झाली होती की इतके रविवार समोर असूनही न दिसलेलं तिला त्या दिवशी दिसू लागलं.

हॉलच्या अलीकडे एक लहान खोली होती. आलेल्यांना आधी तिथे बसवायचे. तिथला कारभार पाहणाऱ्या जाड चष्म्याच्या गृहस्थांना सगळे स्वागतकाका म्हणत. पूर्वी ते कुठल्याशा दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचे. ते प्रत्येकाजवळ वाकून हळूच विचारत होते, "सकाळची गोळी घेतली ना? इथे यायच्या दिवशी ती चुकवायची नाही. आणि उपाशीपोटीच आलात ना?" शिवणबाईला नवल वाटलं. घरी गोळी म्हणजे विष, आणि इथे येताना मात्र चुकवायची नाही.

मग ते म्हणायचे, आता ऊर्जा जुळवून बघू. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना लावायचं आणि सोडायचं, भरभर, जितकं मोठं उघडेल तितकं. मग दाराची मूठ फिरवावी तसा पंजा उलटासुलटा करायचा. मग टाच आपटायची. ज्यांची बोटं झरझर उघडत-मिटत, त्यांना ते पाठीवर थोपटून हॉलमध्ये पाठवत. एका वयस्क बाईंची बोटं जेमतेम उघडून मध्येच थिजली. स्वागतकाका म्हणाले, ऊर्जा अजून पोचली नाही, बाकावर बसा. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, तरी तेच. मग त्यांना घरी पाठवलं, पुढच्या रविवारी या म्हणून. त्यांच्या सुनेने त्यांना धरून जिना उतरवला आणि हॉलमधल्या कुणालाच ते दिसलं नाही.

बोटांचा हा खेळ शिवणबाईने आधी पाहिला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नवऱ्याकडून अगदी हेच करून घ्यायच्या, एकदा गोळीच्या आधी आणि एकदा गोळी लागू पडल्यावर, औषध किती काम करतंय ते बघायला.

तिने लेकीला सांगितलं. लेक म्हणाली, "तुला आता काहीही सापडेल, आई."

तेव्हा ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. तो आला तो केवळ तिची कटकट थांबावी म्हणून. डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी गोळ्या सोडल्याचं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, पण एवढं सांगितलं की या गोळ्या अशा आपल्या मनाने तोडल्या तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो, जिवावरही बेतू शकतं. मग त्यांनी त्याची बोटं तपासली. ती चिकटल्यासारखी उघडत होती, दर खेपेला आधीपेक्षा कमी. त्यांनी फोनवर चित्रीकरण केलं, गोळी दिली आणि दोघांना व्हरांड्यात बसायला सांगितलं. बऱ्याच वेळाने पुन्हा बोलावून तेच करायला लावलं. बोटं आता छान उघडत होती. दोन्ही चित्रफिती त्यांनी त्याच्यासमोर एकापाठोपाठ लावली.

ड्रायव्हर बघत राहिला. मग म्हणाला, "ताईंची शक्ती अंगात मुरलेली असते. तिचाही हात असेल."

"असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग ती गोळीशिवाय दिसायला हवी."

हे त्याला पटलं. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. ब्रेक तपासल्याशिवाय त्याने कधी आगारातून बस बाहेर काढली नव्हती. त्याने स्वतःच ठरवलं की येत्या रविवारी सकाळची गोळी न घेता हॉलवर जायचं. बायकोला बजावलं, "मी चाललो, तर तू परत कधी ताईंचं नाव काढायचं नाहीस." तिने मान हलवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तपासणीसाठी आम्हीही कधीकधी सकाळची गोळी घेऊ देत नाही, एका वेळेला चालेल. मात्र मी तिथे असेन आणि गोळी माझ्या पर्समध्ये असेल.

त्या रविवारी गर्दी जिन्यापर्यंत आली होती. ड्रायव्हरची कीर्ती पसरली होती आणि स्पर्शताई आता त्याला सगळ्यांत आधी उभं करत. तो अंगाने जड झालेला, लेक आणि बायको दोन्हीकडून धरून आणत होत्या. जिन्यातच उशीर झाला, कार्यक्रम सुरू झाला होता. स्वागतकाकांनी हक्काचा माणूस म्हणून त्याची बोटं न बघताच आत सोडलं. पहिल्या रांगेतली खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. डॉक्टरीणबाई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

स्पर्शताई आल्या, मनगट हातात घेतलं. "आपले ड्रायव्हरबाबा. बघा हं, आता पेशी कशा जाग्या होतात ते."

टाळ्या सुरू झाल्या. ड्रायव्हर उठला नाही. त्याने जोर लावला, खुर्चीतून बोटभर वर आला आणि परत खाली बसला. स्पर्शताईंनी मनगट सोडून खांदे धरले. हलके व्हा, म्हणाल्या. टाळ्या वाढल्या. त्याच्या कपाळावर घाम आला, हात थडथड उडू लागला, पण अंग खुर्चीतून सुटेना. टाळ्या वाजवणाऱ्यांचा ठेका चुकायला लागला.

स्पर्शताईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"इथे कुणीतरी अडवतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या खोलीत हेवा आहे. आणि हेवा फार जड असतो. त्याच्याखाली पेशी दबून जातात. बाबांच्या अगदी जवळचं माणूस आहे."

सगळा हॉल शिवणबाईकडे वळला. लेकीने मान खाली घातली. आईला हेवा वाटतो हे तिनेच कधीतरी रडत स्पर्शताईंना सांगितलं होतं, हे आईला त्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

शिवणबाई उभी राहिली.

"ती मीच," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुम्ही त्यांच्या मनगटाला हात लावता तेव्हा माझ्या अंगाची आग होते. ते तुमच्याकडे बघून हसतात आणि मला घास उतरत नाही. आहेच माझ्या मनात हेवा. तर मी जाते बाहेर. जिन्यात नाही, पार रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहते. मी गेले की उठवा त्यांना."

लोकांनी वाट करून दिली. ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि बंद दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. वरच्या खिडक्या उघड्या होत्या. टाळ्या पुन्हा सुरू झालेल्या तिला ऐकू आल्या. आपल्याला नक्की काय हवंय, हे तिने तिथे उभ्या उभ्या स्वतःला विचारलं. त्या बाईची फजिती व्हावी असं वाटत होतं, भरपूर वाटत होतं. पण टाळ्यांचा जोर वाढला तशी ती खिडकीकडे टाचा उंचावून बघू लागली. त्याचं डोकं दिसेल, चालताना, एकदा तरी. मनगट त्या बाईच्या हातात असलं तरी चालेल. मग मी जन्मभर तोंड उघडणार नाही.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मग विरळ झाल्या. मग थांबल्या.

लेक रस्ता ओलांडून धावत आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"चालले?" शिवणबाईने विचारलं.

"नाही गं. वर चल. तुला बोलावताहेत."

वर डॉक्टरीणबाई पुढे आल्या होत्या. त्यांनी आपण कोण ते लोकांना सांगितलं, ड्रायव्हरने आज सकाळची गोळी घेतलेली नाही हेही सांगितलं, आणि थोडा वेळ थांबायची विनंती केली. स्पर्शताई म्हणाल्या की वातावरण दूषित झालंय, आजचा कार्यक्रम इथेच संपला. पण लोक उठेनात. मागून कुणीतरी म्हणालं, इतके रविवार थांबलो, आणखी तासभर थांबू.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर त्याची बोटं उघडायला-मिटायला लावली. ती चिकटून बसली होती. त्यांनी पर्समधली गोळी दिली, वर पाणी दिलं. मग हॉलमध्ये लोक कुजबुजत, पाय मोकळे करत, घड्याळं बघत थांबले. मध्ये मध्ये त्या येऊन बोटं बघत, आणि आता लोकही वाकून बघू लागले. पहिल्यांदा काहीच नाही. मग किंचित. मग पुढच्या रांगेतल्या कुणीतरी म्हटलं, "उघडतायत, उघडतायत." बोटं झरझर चालू लागली. पंजा फिरू लागला. टाच जमिनीवर खणखणीत आपटली.

"आता कुणी हात लावायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही बसूनच राहा. उठा, काका."

ड्रायव्हरने हात छातीवर घेतले आणि तो उठला. पट्ट्यांवरून चालत गेला आणि परत आला. मग त्यांनी सतरंजी गुंडाळायला लावली आणि त्याला लहान खोलीच्या अरुंद दाराकडे पाठवलं. दारात पाय जरा अडखळले. त्यांनी त्याच्यापुढे कुणाची तरी काठी जमिनीवर आडवी ठेवली. काठी ओलांडून तो सहज पलीकडे गेला.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. या आजारात मेंदूतलं एक द्रव्य कमी पडतं आणि गोळी ते भरून काढते. ते काही वेळ पुरतं, मग ओसरतं. म्हणून एकच माणूस एकाच दिवशी दगडासारखाही असतो आणि चालताही असतो. उपाशीपोटी गोळी बहुतेक लवकर लागते. पायापुढे आडवी रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की अडकलेलं पाऊल पुष्कळदा सुटतं. "ही सतरंजी चांगलीच आहे. आमच्याकडेही जमिनीवर पट्टे आहेत. आम्ही फक्त त्याला चमत्कार म्हणत नाही, आणि चालवणारी गोळी बंद करायला सांगत नाही."

तेव्हा शिवणबाईने बोटांच्या उघडझापीचं सांगितलं. स्वागतकाका चष्मा पुसू लागले. लोकांनी घेरल्यावर ते पुटपुटले, "मी कुणाला फसवलं नाही. जे तयार असायचे त्यांनाच तर आत पाठवायचो." म्हणजे ज्यांच्या अंगात गोळी भरात आहे ते सतरंजीवर, आणि बाकीचे जिन्याने खाली. आपण काय बोलून बसलो हे त्यांना लोकांचे चेहरे बघून कळलं. बाकावरच्या त्या वयस्क बाईंची सून म्हणाली, "आम्हाला दर वेळी सांगितलं, तुमची श्रद्धा कमी पडते. माझी सासू रडायची घरी जाऊन. स्वतःला दोष द्यायची." स्पर्शताईंची खुर्ची तेवढ्यात रिकामी झाली होती. मागच्या जिन्याने त्या गेल्या, फारच हलक्या पावलांनी.

गाडीत लेक पुढे बसून मुकाट चालवत होती. मागे दोघं.

"तिच्याकडे बघून हसायचो, असं वाटायचं तुला?" ड्रायव्हर म्हणाला. गोळी अजून अंगात होती, शब्द मोकळे येत होते. "पाय उचलला जायचा म्हणून हसायचो."

"पाय घरीही उचलला जातो की, गोळी लागली की. घरी नाही कधी हसलात."

"हसलो असेन. पण त्या वेळी तू मशीनवर असतेस. मला तुझी पाठ दिसते."

खरंच होतं ते. त्याला बरं वाटू लागलं की ती सुटकेचा श्वास टाकून कामाला बसायची, आणि तो जखडला की उठून यायची. त्याच्या वाईट वेळा सगळ्या तिच्या वाट्याला आल्या होत्या, आणि चांगली वेळ रविवारी सजवून तिने स्वतःच त्या हॉलवर पोचवली होती. तिचा हेवा खरा होता. पण ज्याचा हेवा करायचा ते त्या बाईकडे नव्हतंच. ते एका गोळीत होतं, आणि ती गोळी इतकी वर्षं तिच्याच हाताने दिली जात होती.

आता सकाळी गोळी लागली की मशीन बंद असतं. गिऱ्हाईकांना ते माहीत झालंय.

परवा एक बाई ब्लाउज उसवायला आली. दुसऱ्या कुठल्या भागात कुणी महाराज कंप थांबवतात, नुसती फुंकर मारतात, डोळ्यांनी पाहिलं, असं सांगू लागली. तिच्या भावाला न्यायचं होतं. शिवणबाईने कात्री खाली ठेवली.

"नेऊ नका असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण तिथे उभ्या राहून विचारा. जो बरा झालेला दिसतोय त्याने गोळी कधी घेतली होती? जे बरे झाले नाहीत त्यांना कुठे बसवलं? गोळी न घेता, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कुणासमोर, पुन्हा होतं का? आणि काही झालं तरी भावाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नका. हे विचारायला शिक्षण लागत नाही. कुणी म्हणेल, शंका घेतलीत म्हणून शक्ती निघून गेली. तर जाऊ दे तिला. साध्या प्रश्नाने जी पळून जाते, ती तुमच्या भावाच्या पायांना काय सांभाळणार?"